अलहम्ब्राचे तिकीट आणि कबरस्तानाची जागा



मिरजेहून येणाऱ्या प्रत्येक फोनवर एक प्रश्न ठरलेला असतो. चाचा विचारतात, खाला विचारते, कॉलेजात शिकणारी भावंडे विचारतात : "अलहम्ब्रा पाहून कसे वाटते?" विचारणाऱ्याला दोनपैकी एक उत्तर अपेक्षित असते. एक तर अभिमानाचे, की बघा, आपण कधीकाळी काय होतो. नाहीतर हळहळीचे, की बघा, आपण काय गमावून बसलो. गेली सात वर्षे मी स्पेनमधल्या ग्रानादा शहरात राहते. अलहम्ब्राची लाल टेकडी रोज बसच्या खिडकीतून दिसते. इतकी वर्षे इथे काढल्यावर मला ही दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. ती का अपुरी वाटतात, ते या अंकात तुमच्यापुढे मांडायचे आहे.

आधी पर्यटनाचा पसारा लक्षात घेऊ. स्पेनची लोकसंख्या पाच कोटींच्या आत आहे. २०२४ या एका वर्षात या देशात सुमारे ९ कोटी ३८ लाख परदेशी पर्यटक आले. एकट्या अलहम्ब्राला वर्षाला २५ लाखांहून अधिक लोक भेट देतात. तिकीट आधीच काढावे लागते आणि हंगामात ते कित्येक दिवस आधी संपलेले असते. दक्षिणेकडच्या आंदालुसिया प्रांताच्या जाहिराती पाहिल्या, तर त्यांत नालाच्या आकाराच्या कमानी, कारंजी, अरबी अक्षरांची नक्षी आणि मोगऱ्याची झाडे दिसतात. म्हणजे इथला मुस्लिम भूतकाळ हा आज या प्रदेशाचा मोठा व्यवसाय आहे. हॉटेलवाला, टॅक्सीवाला, मार्गदर्शक, चहाघरवाला, सगळ्यांची चूल त्यावर पेटते.

ग्रानादाच्या मध्यवर्ती भागात अल्काइसेरिया नावाची अरुंद गल्ल्यांची पेठ आहे. नासरी सुलतानांच्या काळात हा रेशमाचा बाजार होता. १८४३ च्या आगीत तो जळाला आणि पुन्हा बांधला गेला. आज तिथे रंगीत दिवे, चामड्याच्या पिशव्या आणि फ्रिजवर चिकटवायचे चुंबक विकले जातात. शहरात राहणारी माणसे तिथे खरेदीला सहसा जात नाहीत. ते दुकान पाहुण्यांसाठी मांडलेले आहे.

दुकान मांडले म्हणून तक्रार नाही. प्रश्न घराचा आहे. अलहम्ब्रासमोरच्या टेकडीवर अल्बाइसिन ही जुनी वस्ती आहे. चढणीच्या दगडी गल्ल्या, आणि उंच भिंतींआड बाग असलेली घरे. अशा घराला इथे 'कार्मेन' म्हणतात आणि तो शब्द द्राक्षमळ्याच्या 'कर्म' या अरबी शब्दावरून आला आहे. १९९४ पासून ही वस्ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. मी तिथे चार वर्षे भाड्याने राहिले. करार संपताच घरमालकाने नम्रपणे सांगितले, की यापुढे तो घर पर्यटकांना देणार आहे. महिन्याचे भाडे मी जेवढे देत होते, तेवढे पैसे त्याला चांगल्या हंगामात आठ-दहा दिवसांत मिळणार होते. शेजारी एक आजी राहायच्या. त्यांचा जन्म त्याच गल्लीतला. त्यांनाही मुलीकडे, शहराबाहेरच्या नव्या इमारतीत जावे लागले. गल्लीतली बेकरी बंद झाली आणि तिथे प्रवाशांच्या बॅगा ठेवायची कपाटे आली. वस्ती जागतिक वारसा राहिली, पण तिचे वारस बाहेर गेले.

ही गोष्ट एका गल्लीची नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये कॅनरी बेटांवर हजारो लोक रस्त्यावर उतरले. त्यानंतर मालागा, माजोर्का, बार्सिलोना इथे मोर्चे निघाले. बार्सिलोनाच्या महापौरांनी २०२८ च्या अखेरीपर्यंत शहरातले सुमारे दहा हजार पर्यटक-फ्लॅटचे परवाने संपवण्याची घोषणा केली. तिथल्या मोर्चात पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या उडवल्या गेल्या, त्याची छायाचित्रे जगभर फिरली. मूळ मागणी मात्र फार साधी होती : आम्ही इथे राहतो आणि आम्हाला इथेच राहायचे आहे.

आता याच देशात राहणाऱ्या मुसलमानांकडे वळू. स्पेनमध्ये आज सुमारे पंचवीस लाख मुस्लिम असल्याचा अंदाज आहे. बहुतेकांची मुळे मोरोक्कोत, काहींची सेनेगल, अल्जीरिया, पाकिस्तान, बांगलादेशात. बरेच जण आता स्पॅनिश नागरिक आहेत आणि धर्मांतर केलेले स्पॅनिश लोकही त्यांत आहेत. अल्मेरियाच्या प्लास्टिकच्या हरितगृहांत भाजी पिकवणारे हात बहुतांशी त्यांचे. उएल्वाच्या शेतांत स्ट्रॉबेरी खुडायला दरवर्षी मोरोक्कोतून हजारो स्त्रिया हंगामी परवान्यावर येतात. हंगाम संपल्यावर त्या परत जातील याची खात्री म्हणून, घरी मुले असलेल्या स्त्रियांना प्राधान्य दिले जाते. युरोपच्या दुकानांतली फळे याच हातांनी खुडलेली असतात. पर्यटनाच्या कोणत्याही जाहिरातीत या स्त्रिया दिसत नाहीत.

कायद्याचे काय? १९७८ च्या संविधानाच्या सोळाव्या कलमाने राज्याला कोणताही अधिकृत धर्म ठेवलेला नाही. १९९२ मध्ये संसदेने प्रोटेस्टंट, ज्यू आणि मुस्लिम समाजांशी झालेल्या करारांचे तीन कायदे केले. मुस्लिमांबाबतच्या २६/१९९२ क्रमांकाच्या कायद्यात सरकारी शाळांतले धर्मशिक्षण, सणाची सुट्टी, हलाल अन्न आणि नगरपालिकेच्या दफनभूमीत स्वतंत्र जागा यांची तरतूद आहे. कागद चांगला आहे. पण तीस वर्षांनंतरही अनेक भागांत दफनाची जागा नाही. माणूस वारला, की वर्गणी काढून मय्यत विमानाने मोरोक्कोला पाठवायची, हा रिवाज पडला. २०२० च्या साथीत सीमा बंद झाल्या, आणि आपल्या माणसाला कुठे पुरायचे हा प्रश्न शेकडो कुटुंबांपुढे एकाच वेळी उभा राहिला. ज्या जमिनीवर मुस्लिम राजांचे महाल पाहायला लोक तिकीट काढतात, तिथे मुस्लिम मजुराला सहा फूट जागा मिळायला अर्ज-विनंत्या कराव्या लागतात. माझ्या मते स्पेनच्या वारशाची खरी परीक्षा या सहा फुटांत आहे.

२०२५ मध्ये मुर्सिया प्रांतातल्या हुमिया या गावाच्या नगर परिषदेने ठराव केला, की पालिकेची क्रीडांगणे खेळाखेरीज बाहेरच्या कार्यक्रमांना वापरायची नाहीत. गावातले मुसलमान वर्षातून दोनदा, ईदच्या सकाळी, तिथे नमाज पढत. ठरावात धर्माचे नाव नव्हते, रोख मात्र सगळ्यांना कळला. त्यावर कोण बोलले? केंद्र सरकार बोललेच. पण स्पेनच्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेनेही जाहीरपणे सांगितले, की सार्वजनिक ठिकाणी उपासना करण्यावर अशी बंदी घालणे हा धार्मिक स्वातंत्र्यावर घाला आहे. ही घटना मला अलहम्ब्राच्या सगळ्या नक्षीपेक्षा मोलाची वाटते. दुसऱ्याच्या उपासनेची जागा जाते तेव्हा आपण बोलायचे असते. हा धडा त्यांच्यासाठी जेवढा, तेवढाच आपल्यासाठीही आहे.

आता आपल्या स्वतःच्या नजरेबद्दल. भारतीय उपखंडातला मुसलमान स्पेनला येतो, तेव्हा त्याच्या मनात इक्बाल असतात. १९३३ साली ते कोर्दोबाला आले आणि 'मस्जिद-ए-कुर्तुबा' ही कविता जन्मली. कविता थोर आहे. पण त्या कवितेच्या चष्म्यातून पाहणाऱ्याला बऱ्याचदा फक्त गेलेली सत्ता दिसते. 'आपले राज्य होते' हे वाक्य फार गोड लागते. ते राज्य कोणाचे होते? मिरजेतल्या बागवानाचे, शिकलगाराचे, मोमिनाचे तर नक्कीच नव्हते. आपले पूर्वज तेव्हा दख्खनच्या मातीत घाम गाळत होते.

आणि तो काळ सगळा सोन्याचा होता, असेही नाही. कोर्दोबा आणि ग्रानादात मुस्लिम, ज्यू आणि ख्रिस्ती शेजारी राहिले, एकमेकांच्या भाषा शिकले, ग्रंथांची भाषांतरे झाली, हे खरे. १०६६ साली याच ग्रानादात ज्यूंची कत्तल झाली, हेही खरे. तेव्हा राज्य मुस्लिम होते. ११२६ मध्ये कोर्दोबात जन्मलेले इब्न रुश्द हे काझीही होते आणि तत्त्वज्ञही. श्रद्धा आणि बुद्धी यांच्यात वैर नाही, हे त्यांनी आयुष्यभर मांडले. उतारवयात त्यांना कोर्दोबातून हद्दपार करण्यात आले आणि त्यांची तत्त्वज्ञानाची पुस्तके जाळली गेली. हुकूम मुस्लिम खलिफाचा होता आणि त्यामागे सनातनी उलेमांचा दबाव होता. कोर्दोबातच जन्मलेल्या मायमोनिडीज या ज्यू विचारवंताच्या कुटुंबालाही अल्मोहदांच्या राजवटीत शहर सोडावे लागले. आज दोघांचेही पुतळे शहरात आहेत आणि पर्यटक त्यांच्याशेजारी उभे राहून फोटो काढतात.

पुढची हकीकत तुम्हाला माहीत असेल. २ जानेवारी १४९२ रोजी ग्रानादा शरण आले. तहात मुसलमानांना धर्म, मशिदी आणि रीतिरिवाज सांभाळण्याचे वचन होते. त्याच वर्षी ज्यूंना देश सोडण्याचा हुकूम निघाला. काही वर्षांतच शहरातल्या बिब-रंब्ला चौकात अरबी पुस्तकांची होळी झाली आणि १५०२ मध्ये कास्तिल राज्यातल्या मुसलमानांपुढे बाप्तिस्मा किंवा देशत्याग एवढेच पर्याय उरले. बाप्तिस्मा घेतलेल्यांना मोरिस्को म्हणत. त्यांनाही १६०९ ते १६१४ या काळात हाकलले गेले. सुमारे तीन लाख माणसे. पुस्तके खलिफाने जाळली आणि कार्डिनलनेही जाळली. आगीला धर्म नसतो. सत्ता आणि धर्मगुरू यांचे साटेलोटे झाले, की पहिला बळी विचार करणाऱ्या माणसाचा जातो. 'आमच्या काळात सगळे छान होते' असे म्हणणाऱ्या कोणत्याही धर्माच्या माणसाला हा इतिहास वाचायला द्यावा.

आजचा स्पेनही या भूतकाळाशी झगडतो आहे. दरवर्षी २ जानेवारीला ग्रानादाच्या नगरपालिकेच्या सज्जातून विजयाचे निशाण फडकवले जाते. त्यावर शहरात दरवर्षी वाद होतो. अनेक ग्रानादावासीयांचे म्हणणे असे, की शहराचा दिवस २६ मे असावा. त्या दिवशी १८३१ मध्ये मारियाना पिनेदा या स्वातंत्र्यवादी स्त्रीला मृत्युदंड देऊन मारण्यात आले होते. जिंकलेल्यांचा दिवस साजरा करायचा की स्वातंत्र्यासाठी मेलेल्या बाईचा, हा वाद मला निरोगी वाटतो. कोर्दोबात वेगळा वाद आहे. मशीद-कॅथेड्रलची ती प्रचंड वास्तू २००६ मध्ये तिथल्या धर्मप्रांताने केवळ ३० युरो शुल्क भरून स्वतःच्या नावे नोंदवून घेतली. तेव्हाचा कायदा चर्चला अशी सवलत देत होता. २०१५ मध्ये ती सवलत रद्द झाली. ही वास्तू सार्वजनिक मालकीची असावी, अशी मागणी करणाऱ्यांत बहुसंख्य लोक साधे स्पॅनिश नागरिक आहेत. त्यांना मशीद परत मिळवायची नाही. वारसा सगळ्यांचा असावा, एवढेच त्यांचे म्हणणे आहे. त्याच २०१५ साली संसदेने १४९२ मध्ये हाकललेल्या ज्यूंच्या वंशजांना नागरिकत्वाची वाट खुली केली. मोरिस्कोंच्या वंशजांना ती मिळाली नाही. न्याय अर्धाच झाला, आणि तो अर्धा असल्याचे सांगणारे आवाजही इथलेच आहेत.

मग या देशात मुस्लिम काळाचे जिवंत काय उरले? माझ्या अनुभवात ते तिकिटाच्या रांगेबाहेर आहे. ते पाण्यात आहे. व्हॅलेन्सियात दर गुरुवारी दुपारी बारा वाजता कॅथेड्रलच्या दाराशी आठ माणसे काळे डगले घालून बसतात. शहराभोवतीच्या आठ कालव्यांचे हे निवडून आलेले शेतकरी-प्रतिनिधी. कोणी पाळी मोडून पाणी घेतले, कोणी पाट साफ ठेवला नाही, अशा तक्रारी तोंडी ऐकून ते तिथल्या तिथे निवाडा देतात. वकील नाही, कागद नाही. कालव्यांची ही व्यवस्था मुस्लिम काळात घडली आणि ख्रिस्ती राजांनी ती मोडली नाही, कारण पिकाला धर्म विचारून चालत नाही. २००९ मध्ये युनेस्कोने या न्यायासनाला अमूर्त वारशाचा दर्जा दिला. बघ्यांची गर्दी होते, तरीही ते खरेखुरे न्यायासन आहे. आमच्या ग्रानादाजवळच्या सिएरा नेवाडा डोंगरात बर्फाचे पाणी उतारावरून फिरवणारे जुने पाट आहेत. त्यांना 'आसेकिया' म्हणतात. हाही मूळ अरबी शब्द. ओस पडलेले असे अनेक पाट ग्रानादा विद्यापीठातले संशोधक, गावकरी आणि स्वयंसेवक मिळून गेली काही वर्षे फावड्याने साफ करत आहेत.

ते भाषेतही आहे. बेकरीतल्या कॅथलिक बाई बोलता बोलता 'ओहाला' म्हणतात, म्हणजे 'अल्लाहने केले तर'. अमक्यातमक्याला त्या 'फुलानो' म्हणतात आणि मला आपला 'फलाणा' आठवतो. त्यांची 'आसुकार' आपली साखर, त्यांची 'नारान्हा' आपली नारिंग. हे शब्द आपल्याकडून इराण आणि अरबस्तानमार्गे इथे पोचले. त्यांना व्हिसा लागला नाही.

आणि ते हातांत आहे. अलहम्ब्राकडे जाणाऱ्या गोमेरेस चढणीवर गिटार बनवणाऱ्यांची दुकाने आहेत. लाकडाचा भुसा, सरस, खाली मान घालून काम करणारा कारागीर. मिरजेच्या मुलीला हे दृश्य अनोळखी नाही. आमच्याकडे शिकलगारांनी हत्यारे घडवणारे हात सतारीकडे वळवले, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणारी संगीतसभा ऐकायला सगळ्या जातिधर्मांची माणसे येतात. हा आपला अलहम्ब्रा आहे, आणि त्याला तिकीट नाही.

जिवंत परंपरा बदलते, हेही इथे शिकायला मिळाले. ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात आंदालुसियाच्या रस्त्यांवर मूर्तींच्या जड पालख्या निघतात. खाली खांदा देणारे, पुढे मेणबत्त्या घेतलेले, काही अनवाणी. कडेगावचे ताबूत पाहिलेल्या माणसाला ही भक्ती आणि हा घाम समजतो. ग्रानादात मरियमची एक पालखी अलहम्ब्राच्या न्यायद्वारातून, १३४८ च्या अरबी शिलालेखाखालून बाहेर पडते. या मिरवणुका काढणाऱ्या संघांत सेव्हिल शहरात काही ठिकाणी २०११ पर्यंत स्त्रियांना चालायला मज्जाव होता. 'परंपराच तशी आहे' हेच कारण दिले जाई. त्या वर्षी तिथल्या आर्चबिशपांनी आदेश काढून तो भेद संपवला. तेनेरिफे बेटावरच्या एका पुरुषांच्याच संघाविरुद्ध एक स्त्री न्यायालयात गेली आणि २०२४ मध्ये संविधान न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. हाजी अली दर्ग्याबाबत २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात काय घडले, ते आठवून पाहा. धर्म वेगळा, देश वेगळा, युक्तिवाद मात्र तोच, आणि त्याचे उत्तरही तेच. व्हॅलेन्सिया भागातल्या 'मुस्लिम विरुद्ध ख्रिस्ती' लुटुपुटुच्या लढायांत पूर्वी काही गावांत पैगंबरांच्या नावाचा पुतळा उडवून देत. २००६ मध्ये बोकायरेंत गावाने ते थांबवले. उत्सव बुडाला नाही. उलट आजही तिथल्या अनेक कॅथलिक तरुणांना 'मुस्लिम' पथकात नाचायला जास्त आवडते, कारण पोशाख अधिक झोकदार असतो.

तरुण मित्रांनो, वारसा म्हणजे ज्याची जबाबदारी आपण घेतो ते. अभिमान आणि हळहळ या दोन्हींत जबाबदारी नसते. त्या पर्यटकाच्या भावना आहेत. तो येतो, भारावतो आणि निघून जातो. रहिवाशाला मात्र पाट साफ करावा लागतो, घरभाड्यासाठी मोर्चात जावे लागते, कबरस्तानाच्या जागेसाठी पालिकेत खेटे घालावे लागतात आणि शेजाऱ्याची जागा जाते तेव्हा उठून बोलावे लागते.

आपल्याला महाराष्ट्रात रहिवासी व्हायचे आहे. मलिक अंबरने सतराव्या शतकात खडकी शहरासाठी जमिनीखालून पाणी आणले. त्या नहरीची आज काय अवस्था आहे, हे आपल्यापैकी कितीजण पाहून आले? गावातल्या कबरस्तानाच्या, दर्ग्याच्या जमिनीचा उतारा कोणाच्या नावावर आहे, तो कोणी काढून पाहिला? आजीच्या तोंडच्या मराठी-दखनी ओव्या कोणी लिहून घेतल्या? दर्ग्यात, मशिदीत, जमातीच्या बैठकीत बहिणीला बसायला जागा आहे का? दलित किंवा ख्रिस्ती वस्तीच्या दफनभूमीवर अतिक्रमण झाले, तर निवेदनावर आपल्या मोहल्ल्यातल्या किती सह्या असतील?

अलहम्ब्रा जरूर पाहा. फार सुंदर आहे. पण पुढच्या ग्रामसभेची, वॉर्डसभेची तारीख आधी विचारून घ्या. तिथे जायला तिकीट लागत नाही, आणि तिथे आपली खुर्ची रिकामी राहिली तर ती दुसरे कोणी भरून देणार नाही.